चौदा नंबरच्या हँडआउटमधली बाई

कोचिंग क्लासमध्ये दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक, पोरांनी विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या. दोन, किस्से. बाटल्या आमच्या वर्षाताई दर दिवाळीला गोणीत भरून भंगारात देतात. किश्श्यांचं काय करायचं, ते अजून कोणाला सुचलेलं नाही.

मी पनवेलजवळ सुकापूरच्या एका क्लासमध्ये दीड वर्षं पेपर तपासतोय. पहिला मजला, खाली टाइल्सचं दुकान. मित्र भेटले की "सांग ना तुझ्या सरांचं" सुरू होतं. मी सांगतो, सगळे हसतात. पण तिथे सांगताना मी एक बदमाशी करतो. प्रत्येक किश्श्यात शहाणा मी असतो आणि येडे बाकीचे. इथे ते जमणार नाही. कारण हे सगळे किस्से एकाच हँडआउटचे आहेत, आणि ते हँडआउट मी लिहिलंय.

* * *

क्लास कसला, ते आधी सांगतो. परदेशी कॉलेजात जायचं असेल तर इंग्रजीचा एक पेपर द्यावा लागतो. त्यात कोणीतरी लिहिलेला लेख देतात. मत पटलं का, हे विचारत नाहीत. लेखक आपलं मन कसं वळवतोय, पुरावा कुठे देतोय, कुठे नुसताच रडवतोय, ते शोधून लिहायचं. आमचे सर हे शिकवतात. सर एकसष्टचे, कॉलेजातून रिटायर झालेले, आणि 'लॉजिक' हा शब्द लोक देवाचं नाव घेतात तसा घेतात.

माझा इंटरव्ह्यू त्यांच्या केबिनमध्ये झाला. एकच चहा आला. तो सरांनी घेतला.

"इंजिनिअरिंग का सोडलंस?"

"जमलं नाही."

"कितव्या सेमिस्टरला?"

"तिसऱ्या."

"मग मी तुला का घ्यावं? एका वाक्यात माझं मन वळव!"

खरं तेच तोंडातून गेलं. "सर, मला दुसरीकडे कोणी घेत नाहीये."

सरांनी टेबलावर थाप मारली. "वा! दयेला हात घातलास! अपील टू पिटी! उद्यापासून ये!"

म्हणजे बघा, कॉलेज सोडलेला पोरगा लोकांची पोरं परदेशी कॉलेजात पाठवणार. सरांना ह्यात काही खटकलं नाही. माझ्या बाबांना तर अजिबातच नाही. त्यांनी संध्याकाळपर्यंत आख्ख्या सोसायटीत सांगितलं, "निखिल आता एज्युकेशन सेक्टरमध्ये आहे!" दीड वर्षं जो माणूस "मुलगा सध्या ब्रेकवर आहे" म्हणत होता, त्याला खोटं बोलायला आणखी एक वाक्य मिळालं, एवढंच.

* * *

तेरा नंबरचं हँडआउट होतं 'प्लॅस्टिक बंदी हवी का'. पोरं झोपायची. सर म्हणाले, "तरुणांचा विषय घेऊ. ऑनलाइन डेटिंग! तू लिही. पण आधी रिसर्च."

रिसर्च म्हणजे काय, तर माझ्या फोनवर डेटिंगचं अ‍ॅप टाकायला लावलं आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. चष्मा कपाळावर, बोट जिभेला लावून, वही उलटतात तसं एकेक प्रोफाइल सरकवायला लागले.

"बघ, प्रत्येक प्रोफाइल म्हणजे एक आर्ग्युमेंट आहे. दावा काय? 'मला ट्रेकिंगची आवड आहे.' पुरावा? फोटोत सोफा! हिचा बघ. 'साधी राहणी.' पाठीमागे गाडी! गाडी पाठीमागे का उभी केली? मन वळवायला!"

खरं सांगतो, मला मजा येत होती. सर सोफ्यावरच्या बायांना दहापैकी मार्क देत होते आणि मी हसत होतो. त्यातल्या एकीने तरी तो फोटो काढायला किती वेळ घेतला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पाचेक मिनिटांनी मी म्हटलं, "सर, तुम्ही सगळ्यांना उजवीकडे सरकवताय."

"मग?"

"उजवीकडे म्हणजे पसंत आहे."

सर थांबले. "किती झाल्या?"

"तीस-पस्तीस असतील. सगळ्या माझ्या नावाने."

दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीचा मेसेज आला. माझ्या आयुष्यात अ‍ॅपवर आलेला पहिला आणि शेवटचा. "हाय! तू त्या टाइल्सच्या दुकानावरच्या क्लासमध्ये झेरॉक्स वाटतोस ना? माझ्या धाकट्या भावाचा पेपर दे ना लवकर तपासून!"

* * *

झेरॉक्स मी वाटतो, काढतात वर्षाताई.

वर्षाताई म्हणजे आमचं फ्रंट डेस्क. अ‍ॅडमिशन त्या करतात, हजेरी त्या घेतात, पालकांचे फोन घेतात, सरांचा विसरलेला चष्मा शोधून देतात. वय एकोणचाळीस. घटस्फोट होऊन आठ वर्षं झाली. हे मला ठाऊक होतं, कारण दुपारी मागच्या खोलीत आम्ही दोघं डबा खायचो. तिथे दोन खुर्च्या आणि एक बंद पडलेला कूलर आहे. त्या क्लासमध्ये मला "कॉलेज का सोडलंस" असं न विचारलेलं एकमेव माणूस म्हणजे वर्षाताई. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "भेंडी खातोस?"

एका दुपारी डब्याचं झाकण तसंच हातात धरून त्या म्हणाल्या, "निखिल, एक सांगू? हसशील."

"नाही हसणार."

अ‍ॅपवर एकाशी त्यांची ओळख झाली होती. द्रोणागिरीला गोदामावर सुपरवायझर, बायको वारलेली. पाच महिने बोलत होते. शेवटी भेटायचं ठरलं. कुठे? पळस्प्याला, हायवेच्या नाक्यावर. का, तर तिथे सगळे कुठूनतरी येऊन कुठेतरी जात असतात, ओळखीचं कोणी उभं नसतं. ताईंनी निळी साडी नेसली, नारळाच्या वड्या केल्या, डबा घेऊन गेल्या.

"मग?"

"मग काय. दोन तास उभी होते. तो आलाच नाही."

मी म्हटलं, "फालतू माणूस."

"तसं नको म्हणूस," त्या म्हणाल्या. मग झाकण लावलं. "कोणाला सांगू नकोस हं."

"ताई, मी कोणाला सांगणार!"

नऊ दिवसांनी मी ते बासष्ट लोकांना सांगितलं. छापून. स्टेपल करून.

* * *

झालं असं, की माझा पहिला ड्राफ्ट सरांनी फेकून दिला.

"ह्यात माणूस कुठेय? नुसती मतं आहेत! ऑनलाइन डेटिंगने एकटेपणा वाढतो, हा तुझा दावा. बरोबर? मग एक एकटं माणूस दाखव! वाचणाऱ्याच्या पोटात तुटलं पाहिजे. मग पोरांना पकडू दे, लेखकाने कुठे रडवलं ते!"

मी घरी जाऊन वीस मिनिटांत तो पॅरेग्राफ लिहिला. माझ्या हातून आजवर लिहिलं गेलेलं सगळ्यात चांगलं इंग्रजी. खोटं कशाला बोलू, लिहून झाल्यावर मी तो तीनदा वाचला, आणि तिन्ही वेळा मला माझंच कौतुक वाटलं. ताईंबद्दल वाईट एकदाही वाटलं नाही.

नाव मात्र बदललं हं! तेवढी अक्कल होती. काय ठेवलं? 'मिसेस व्ही'!

पळस्प्याचं केलं 'हायवेवरचा एक नाका'. निळी साडी निळीच ठेवली. वय एकोणचाळीसच. नारळाच्या वड्या तर काढवतच नव्हत्या, पॅरेग्राफ त्यांच्यावरच उभा होता.

सकाळी सर म्हणाले, "फर्स्ट क्लास! बासष्ट कॉप्या!" मी कागद नेऊन डेस्कवर ठेवले. नेहमी ठेवतो तसे. आमच्याकडे हँडआउट कोणी वाचत नाही, काढतात आणि वाटतात. आणि खरं कारण त्याहून घाण आहे. माझ्या डोक्यात कुठेतरी पक्कं बसलं होतं, की वर्षाताई इंग्रजी वाचत नाहीत. सरांचे सगळे ईमेल त्या लिहितात. दीड वर्षं मी ते बघतोय.

मशीन सुरू झालं. मी पलीकडे बेंच सरळ करत होतो. थोड्या वेळाने ते थांबलं.

"निखिल," ताईंनी हाक मारली. आवाज एकदम रोजचा. "दुसऱ्या पानावर फिकं आलंय. टोनर बदलून परत काढू? पोरांना नीट वाचता आलं पाहिजे ना."

मिसेस व्ही दुसऱ्या पानावर होती.

* * *

आमच्या क्लासरूमचं आणि फ्रंट डेस्कचं पार्टिशन प्लायवूडचं आहे. इकडे कोणी शिंकलं तर तिकडून "देवा" ऐकू येतं.

सरांनी लेख वाचून घेतला आणि म्हणाले, "हं, फाडा!" फाडा म्हणजे अ‍ॅनालिसिस करा.

पहिला हात वर केला एका मुलाने. "सर, एका बाईला एकदा माणूस भेटला नाही, ह्यावरून सगळ्यांचा एकटेपणा वाढतो असं म्हणता येत नाही. पुरावा कमकुवत आहे."

"करेक्ट! लिहा, पुरावा कमकुवत!"

"सर, बाईचं वय एकोणचाळीस मुद्दाम टाकलंय. पंचवीस असतं तर वाटलं असतं, मिळेल दुसरा."

बॅच हसली. सर पण हसले. "करेक्ट! आता गेली गाडी, असं वाटलं पाहिजे!"

मग तन्वी उठली. तन्वी आमची सगळ्यात हुशार पोरगी. उरणकडची, आई मासे विकते. ती म्हणाली, "सर, नारळाच्या वड्या. नुसती उभी असती तर आपण म्हटलं असतं, जा बाई घरी. वड्या हातात दिल्यावर आपण काही म्हणूच शकत नाही. लेखकाने वड्यांचा वापर केलाय."

सर इतके खूश झाले, की त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. बासष्ट पोरं टाळ्या वाजवत होती. आणि मला, अजून लाज वाटते लिहायला, मला बरं वाटलं! माझ्या लेखात एवढं सापडतंय म्हणून!

"आणि अशी बाई खरी असते का हो?" सर मोठ्याने म्हणाले. "नसते! लेखकाने बनवलेली बाई आहे ही. खऱ्या बाईला थोडी तरी लाज असते!"

पार्टिशनच्या पलीकडे स्टेपलर चालू होता, खट, खट, खट. तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण जरा हळू.

दुपारी मी मागच्या खोलीत डबा घेऊन बसलो. ताई आल्या नाहीत. मी बाहेर येऊन विचारलं, "ताई, जेवायला?"

"मी इथेच खाईन आता," त्या म्हणाल्या. "फोन येतात मध्ये मध्ये."

एकही फोन आला नाही.

* * *

माफी मागायची तर लिहून मागावी, असं ठरवलं. तोंडाने जमलं नसतं. पहिल्या वाक्यात स्वतःला शिव्या घातल्या. दुसऱ्यात सांगितलं, की मी पण किती एकटा आहे. तिसऱ्यात, त्या नसत्या तर मी हा क्लास कधीच सोडला असता, वगैरे. मग वाचून बघितलं. पहिलं वाक्य विश्वास मिळवायला, दुसरं दयेला हात, तिसरं कौतुक. सरांनी दहापैकी नऊ दिले असते.

तरी नेऊन दिलं. बघा माझी हिंमत.

ताईंनी उभ्या उभ्या वाचलं. कागदाची व्यवस्थित चौकोनी घडी घातली. "छान लिहितोस रे तू," म्हणाल्या. "एक विचारू? परत कोणाचं लिहिणार असशील तर त्याला आधी सांगशील?"

मी मान हलवली.

"बस. जा, बॅच आलीय."

त्याच संध्याकाळी केबिनमधून सरांचा आवाज आला. "असं मध्येच सोडून कसं चालेल वर्षा? महिनाअखेर अ‍ॅडमिशन सुरू होतायत! आणि कारण काय, ते तरी सांग!" ताई काय म्हणाल्या, ते ऐकू आलं नाही. प्लायवूड असूनसुद्धा.

आठ वर्षं त्या डेस्कवर बसलेली बाई माझ्या एका पॅरेग्राफमुळे उठून चालली होती. आणि मी अठरा पेपर तपासायचे बाकी आहेत म्हणून शेजारच्या खोलीत बसून राहिलो. प्रत्येक पेपरात तीच होती. 'मिसेस व्ही हे पात्र लेखकाने दया निर्माण करण्यासाठी वापरले आहे.' बरोबर. दोन मार्क. 'मिसेस व्ही मूर्ख आहे.' हे चूक, एक मार्क कापला. कापताना मला केवढा मोठा न्याय केल्यासारखं वाटलं!

* * *

आता वैद्यकाका. सिडकोच्या ऑफिसात नव्हे, पण तशाच कुठल्यातरी ऑफिसात मोठे साहेब. मुलगी आमच्याकडे. ते हँडआउट हातात नाचवत क्लासमध्ये घुसले. "माझ्या मुलीला तुम्ही डेटिंग शिकवता? अ‍ॅप? अनोळखी पुरुष? आमच्या घरात हे शब्द चालत नाहीत!"

सर केबिनमधून बाहेर आले. दीड वर्षं लॉजिक लॉजिक करणारा माणूस. मला वाटलं, आता सांगतील, काका, लेख डेटिंगच्या विरोधात आहे, वाचा तरी. सर म्हणाले, "लेख माझा नाही. ह्या मुलाने लिहिलाय. कॉलेज सोडलेला आहे."

वैद्यकाकांनी माझ्याकडे पाहिलं आणि "हां" केलं. सगळा उलगडा झाल्यासारखं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि ते तिथेच उभं राहून बोलायला लागले. "हो हो, थोरलीचं प्रोफाइल टाकलंय ना. तीन साइट्सवर. फोटो गेल्या वर्षीचाच ठेवलाय, आता जरा वजन... हो. उंची पाच-तीन लिहिलीय. अहो, सँडल घालतेच की!"

फोन ठेवून ते परत माझ्याकडे वळले. "कुठे होतो आपण?"

मी म्हटलं, "तुमच्या घरात हे शब्द चालत नाहीत, इथे."

मित्रांना हा किस्सा सांगतो तेव्हा मी इथेच थांबतो. ते टाळी देतात. पुढचं सांगत नाही. पुढे वैद्यकाका म्हणाले, "रविवारी पालकांची मीटिंग लावा. आणि ही बाई कोण आहे, ते मला कळलं पाहिजे! असल्या बाया पनवेलमध्ये फिरतायत आणि आमच्या मुली इथून एकट्या घरी जातात!"

सोडायचं सांगूनही ताई अजून डेस्कवर होत्या. म्हणाल्या, "रविवारी सकाळी अकरा. मेसेज टाकते सगळ्यांना."

* * *

रविवारी चाळीसेक पालक आले. बेंच पोरांच्या मापाचे, बाप लोक गुडघे बाहेर काढून बसले होते. शेवटच्या बेंचवर तन्वीची आई, बाजारातून थेट आलेली, पाटी बाहेर जिन्यात ठेवून. तिच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. ताई हजेरीचं रजिस्टर घेऊन बेंचा-बेंचावर सह्या घेत फिरत होत्या.

सर म्हणाले, "ज्यांना इंग्रजीची अडचण आहे त्यांच्यासाठी, निखिल, तो पॅरेग्राफ मराठीत सांग."

अशी वेळ कधीच कोणावर येऊ नये. इंग्रजीत ती मिसेस व्ही होती. मराठीत सांगायला लागलो आणि ती एकदम वर्षाताई झाली, आणि ताई माझ्यापासून तीन बेंचांवर, एका बापाच्या सहीसाठी वाकून उभ्या होत्या. मी निळी साडी गाळली. वय गाळलं. "एक बाई असते. ती एका माणसाला भेटायला हायवेवर जाते, दोन तास उभी राहते..."

"कुठे हायवेवर?" वैद्यकाका.

"पळस्प्याला," मी म्हणून गेलो. लेखात नाव नव्हतं. ताईंचं पेन थांबलं.

"म्हणजे खरी आहे बाई! कोण आहे? कुठल्या सोसायटीतली? लग्न झालेली?"

"काल्पनिक आहे," सर घाईघाईने म्हणाले. "निखिल, काल्पनिक आहे ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते, एक ताई सोडून. हो म्हटलं तर ताई सुटतात, असं मला वाटलं. मी पण सुटतो, हेही वाटलं. कुठलं आधी वाटलं, ते मी इथे लिहिणार नाही.

"हो," मी म्हटलं. "मी रचलंय सगळं. अशी कोणी बाई नाही."

"म्हणजे आमच्या मुलांना खोटं शिकवता!" वैद्यकाका आता दोन्ही बाजूंनी जिंकत होते.

तेव्हा शेवटच्या बेंचवरून तन्वीची आई बोलली. "मास्तर, मी बोलू का?"

"बोला ना."

"पोरगं बरोबर सांगतंय. ही गोष्ट खोटीच हाय. दोन तास, पळस्प्याला, एकटी बाई? मी उरण नाक्याला धंदा करते, रस्ता मला म्हायती हाय. बाई दहा मिन्टं नुसती उबी रायली का चार रिक्षावाले इचारतात कुटं जायचं. दोगं नुसतेच बगत बसतात. एक म्हातारा येऊन सांगतो, घरी जा. दोन तास बाईला कोन उबं ऱ्हाऊ देतंय? नाय. बाप्या ऱ्हाईल. बाप्याला कोन इचारीत नाय."

बासष्ट पोरांनी तो लेख फाडला होता, मी लिहिला होता, सरांनी तपासला होता. हे भोक कोणाला दिसलं नव्हतं.

ताई तोपर्यंत शेवटच्या बेंचपाशी पोचल्या होत्या. त्यांनी रजिस्टर उघडून तन्वीच्या आईपुढे ठेवलं.

"बरोबर आहे, मावशी," त्या म्हणाल्या. फार मोठ्याने नाही, पण खोलीत कोणी हलत नव्हतं. "उभा तो होता. मी समोरच्या हॉटेलात होते, फॅमिली रूममध्ये, काचेच्या आत. निखिलला मी उलटं सांगितलं. त्याने दोनदा शर्ट परत नीट खोचला. एकदा येणाऱ्या बाईकडे बघून हसला, ती दुसरीच निघाली. मी सगळं बघितलं. जागेवरून उठवलं नाही मला."

वैद्यकाका काहीतरी म्हणायला गेले. सरांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांना हाताने गप्प केलं.

तन्वीच्या आईने पेन घेतलं, पण सही केली नाही. ती ताईंकडे खालून वर बघत होती.

"बाय," ती म्हणाली, "अजून फोन करतो तो?"

"रोज करतो," वर्षाताई म्हणाल्या. "इथे करा सही. तन्वीच्या नावासमोर."